नऊ कोर्स चालू आहेत आणि सर्किट मात्र सुटत नाही

तुझं पत्र वाचलं. इलेक्ट्रॉनिक्सचं तिसरं वर्ष, कोर्सेरा, एडएक्स आणि यूट्यूब मिळून नऊ कोर्स चालू, दोन सर्टिफिकेट हातात, व्हिडिओ बघताना सगळं समजतं पण कोरा कागद समोर आला की पहिली ओळ सुचत नाही, मॉक इंटरव्ह्यूत ऑप-अँपवर (सिग्नल मोठा करणारी छोटी चिप) ततपप झालं, आणि आता बाबा म्हणतायत की एखादा मोठा पेड प्रोग्राम घेऊन टाक म्हणजे शिस्त लागेल. घेऊ का, असं विचारलंयस.

आत्ता नको घेऊस.

आधी ते अर्धवट कोर्सवरून स्वतःला आळशी म्हणणं बंद कर. २०१२ मध्ये एडएक्सचा पहिलाच कोर्स आला तो तुझ्याच विषयातला, अनंत अगरवाल यांचा सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स, त्याला नाव नोंदवलं सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी आणि पास झाले साधारण ७ हजार. एका क्लिकवर नाव घालता येतं तिथे हे होणारच, बरेच लोक नुसतं डोकावायला येतात. मला त्या अर्धवट सात कोर्सची काळजी नाहीये, पूर्ण झालेल्या दोनची आहे.

कारण ते कसे पूर्ण केलेस ते तूच लिहिलंयस: दीडपट स्पीडवर व्हिडिओ, क्विझमध्ये हिरवं होईपर्यंत ऑप्शन बदलत राहायचं, असाइनमेंट अडली की सोल्यूशन उघडायचं. अगं, सर सर्किट सोडवतात तेव्हा ग्राउंड कुठे धरायचं, केसीएल, म्हणजे किरचॉफचा करंटचा नियम, कुठल्या नोडला (तारा जुळतात त्या बिंदूला) लावायचा, काय सोडून द्यायचं हे सगळं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, आपण फक्त मान डोलवतो आणि आपल्याला येतंय असं मनापासून वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे, त्यात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुलांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बघितलं तर एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. आणि आपल्या लक्षात राहील याची खात्री कुणाला जास्त होती, तर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना! तुझं मॉक इंटरव्ह्यूत तेच झालं.

तर आता एकच कोर्स ठेव, अ‍ॅनालॉग सर्किट्सचा, बाकीच्यांना सरळ अनएनरोल कर. स्क्रीनवर सर्किट आलं की व्हिडिओ पॉज, वहीत उतरवून घे आणि सरांच्या आधी स्वतः समीकरणं मांड, चुकली तरी चालतील, मग प्ले कर आणि फरक कुठे पडला तेवढंच बघ. वीस मिनिटांच्या व्हिडिओला दीड तास लागेल, चिडचिड होईल, लागू दे.

आणि लॅब. हे कुठलाच प्लॅटफॉर्म नीट देत नाही, म्हणून इथे जास्त वेळ घाल. ७४१ ही ऑप-अँप चिप घे, बफर जोड, म्हणजे इनपुट जसंच्या तसं आउटपुटला देणारं सर्किट, फंक्शन जनरेटरवरून १० व्होल्ट पीक-टू-पीकचा साईन वेव्ह दे. १ किलोहर्ट्झला आउटपुट अगदी इनपुटसारखं दिसेल. १०० किलोहर्ट्झला जा, ऑसिलोस्कोपवर साईनच्या जागी त्रिकोण येईल आणि तोही जेमतेम अडीच व्होल्टचा. आता कारण शोध. डेटाशीटमध्ये स्लू रेट, म्हणजे आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकतं तो आकडा, साधारण ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद मिळेल, आणि तुझ्या वेव्हला किती लागतो ते २π गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले पीक व्होल्टेज करून काढ, ३ च्या वर येतो. एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये आयडियल मॉडेल टाकलंस तर हा त्रिकोण दिसणारच नाही, तेही करून बघ. इंटरव्ह्यूत ऑप-अँप निघाला की एवढं एक जरी स्वतःच्या शब्दांत सांगितलंस तरी समोरचा पुढचे चार प्रश्न त्यावरच विचारतो, आणि ती उत्तरं तुला येत असतात कारण ते सगळं तू हाताने केलेलं असतं. रेझ्युमेवर सर्टिफिकेटची ओळ राहू दे खाली, वर हे लिही, स्कोपच्या फोटोसकट कुठेतरी अपलोड करून.

बाबांशी वाद घालू नकोस, त्यांना तुझी काळजी आहे आणि बाहेरून बघणाऱ्याला पेड म्हणजे सिरियस असंच वाटतं. त्यांच्यासोबत बसून त्या प्रोग्रामवाल्यांना विचार की असाइनमेंट माणूस तपासतो की मशीन, हार्डवेअर हातात मिळणार की नुसतं सिम्युलेशन, आणि मध्येच सोडलं तर पैसे कुठल्या तारखेपर्यंत परत. प्लेसमेंटचं आश्वासन दिलं तर लेखी मागा, फोनवरचं धरू नका. उत्तरं नीट आली तर सेमिस्टर संपल्यावर बघू.

आणि अडलीस तर मला मेल कर, पण वहीचं जे पान अडलंय त्याचा फोटो पाठव, व्हिडिओची लिंक नको.