साखरेच्या पेयांवर कर लावून त्या पैशातून सरकारी योजना चालवणं हा गरिबांवर अन्याय नाही का? भारतात असं करावं का?

मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फिया शहरात राहते आणि माझा मुलगा याच कराच्या पैशावर बालवाडीत गेला. त्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका. माझ्या मते अन्याय आहे की नाही, हे पैसा परत कोणत्या गल्लीत येतो त्यावर ठरतं.

इथला कर १ जानेवारी २०१७ ला लागू झाला. औंसाला दीड सेंट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन लिटरच्या बाटलीवर तो डॉलरभर होतो आणि बारा कॅनच्या खोक्यावर दोन डॉलर सोळा सेंट. भरायचा असतो घाऊक वितरकाने, पण शेवटी येतो तो बहुतेक गिऱ्हाइकाच्याच बिलात. आमच्या जवळच्या दुकानात किमतीच्या चिठ्ठीखाली कराची वेगळी चिठ्ठी चिकटवलेली असायची, म्हणजे शिव्या कुणाला द्यायच्या ते गिऱ्हाइकाला कळावं.

आधीचे महापौर मायकेल नटर यांनी २०१० आणि २०११ मध्ये असा कर आणायचा प्रयत्न केला, तेव्हा भर तब्येतीवर होता, आणि दोन्ही वेळा तो नगर परिषदेत अडकला. २०१६ मध्ये नवे महापौर जिम केनी यांनी तब्येतीचा विषय बाजूला ठेवला. बालवाड्या, सामुदायिक शाळा, बागा, ग्रंथालयं आणि क्रीडा केंद्रांची दुरुस्ती यासाठी पैसे हवेत, असं त्यांनी सरळ सांगितलं. औंसाला तीन सेंट मागितले, दीड मिळाले, डाएट पेयंही करात आली आणि ठराव १३ विरुद्ध ४ मतांनी पास झाला. शीतपेयवाल्यांनी खटला भरला. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०१८ मध्ये शहराच्या बाजूने निकाल लागला. त्यानंतर बालवाडीच्या थोड्या जागा वाढल्या. त्यातली एक माझ्या मुलाला मिळाली.

त्याच सप्टेंबरमधली गोष्ट. माझ्या मोठ्या दिरांचं घर बेन्सेलममध्ये आहे, म्हणजे शहराची हद्द संपली की लगेच. गणपती दरवर्षी त्यांच्याकडे असतो. आरती झाली, पानं मांडली, मी वरणभात वाढत होते. कुणीतरी विचारलं, बाळ कुठे जातो आता? मी म्हटलं, शहराच्या बालवाडीत, फी नाही. माझा आनंद तोंडावर दिसत असणार, कारण त्याआधी खाजगी ठिकाणी महिन्याला हजार डॉलर मोजायचे की मी नोकरी सोडायची, एवढाच हिशेब आमच्या घरात चालला होता. तेवढ्यात भाऊजी भरल्या पंगतीत म्हणाले, "फुकट म्हणू नकोस. सोडा पिणाऱ्या गरिबाच्या खिशातून तुझं पोर शिकतंय."

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पाहुणे जेवत असताना थोरल्या दिरांना उत्तर द्यायची आमच्यात रीत नाही. पण ते वाक्य मला अजून बोचतं, आणि तुमच्या प्रश्नात तेच वाक्य आहे.

भाऊजींचं पेट्रोल पंपाला लागून दुकान आहे. कर लागल्यापासून दर शनिवारी शहरातल्या गाड्या त्यांच्या दारात उभ्या राहतात आणि लोक डिकीत सोड्याची खोकी भरतात. हे मी स्वतः पाहिलंय. कराचा फायदा मला झाला तसा त्यांनाही झाला, हे त्या पंगतीत कुणाला आठवलं नाही. २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता. पहिल्या वर्षी शहरातल्या साखळी दुकानांमधला या पेयांचा खप ५१ टक्क्यांनी उतरला आणि वेशीबाहेर वाढलेली विक्री वजा केली तरी निव्वळ घट ३८ टक्के राहिली. ते वजा केलेलं माप भाऊजींसारख्यांच्या दुकानांतून गेलं.

आता "गरिबाचा खिसा". माझ्या मुलाच्या वर्गात कोण होतं ते सांगते. रात्रपाळी करणाऱ्या नर्सिंग असिस्टंटची मुलगी, ट्रकवाल्याचा मुलगा, उझबेकिस्तानातून आलेल्या कुटुंबातली एक मुलगी जिला पहिले दोन महिने इंग्रजीचा शब्द येत नव्हता, आजीने वाढवलेला एक मुलगा. दुपारी सगळे एका बुटक्या टेबलाभोवती बसायचे. मधे दुधाचा छोटा जग असायचा आणि प्रत्येकाने आपल्या पेल्यात स्वतः ओतून जग शेजाऱ्याकडे द्यायचा. सांडलं तर फडकं ठरलेल्या जागी, आपणच पुसायचं. माझा मुलगा घरी येऊन मला ताक ओतू देईना, "मी करतो" म्हणून जग ओढायचा. सोड्यावर कर भरणारी माणसं आणि त्या टेबलावरच्या मुलांचे आईबाप एकाच गल्लीतले होते. या योजनेत उत्पन्नाची अट नाही, शहरात राहणारं तीन-चार वर्षांचं मूल एवढंच बघतात, पण आमच्यासारख्या भागात त्याचा अर्थ कामकरी लोकांचीच मुलं.

भाऊजींचा दुसरा मुद्दा, श्रीमंतांवर कर लावा. डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्सही २०१६ मध्ये याच कारणासाठी या कराच्या विरोधात होते. ऐकायला मलाही पटतं. पण पेनसिल्व्हेनियाच्या संविधानात सर्वांना समान दराचं कलम आहे, त्यामुळे इथे जास्त कमाईवर जास्त दराने आयकर लावता येत नाही. शहराचा पगारावरचा कर तेव्हा ३.९ टक्क्यांच्या आसपास होता, भांडी घासणाऱ्याला आणि वकिलाला एकच दर. राहिला मालमत्ता कर, तो भाडेकरूच्या भाड्यात उतरतो. मग केनींनी पैसा आणायचा कुठून? गरिबांच्या नावाने विरोध करणाऱ्याने एवढं सांगावं. मी भाऊजींना हे नंतर फोनवर विचारलं होतं. त्यांनी विषय बदलला.

भारताचं विचारलंय तर, कर आहेच. २०१७ पासून फसफसणाऱ्या पेयांवर २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर होता, सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के. पण साखर किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, बिनसाखरेच्या डाएट पेयांनाही तोच दर. आणि तो उपकर राज्यांचा बुडालेला महसूल भरून काढायला होता, अंगणवाडीला नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कराचे दोन टप्पे केले, तर कंपन्यांनी साखरच कमी केली. भारतात दर वाढवण्याआधी हे करा, आणि पैसा कोणत्या खात्यात जाणार ते कायद्यात लिहून घ्या. फिलाडेल्फियातही खटला चालू असताना बराचसा पैसा सर्वसाधारण निधीत पडून राहिला होता आणि लोकांनी रास्त ओरड केली होती.

दोन गोष्टी माझ्या बाजूच्या नाहीत, तरी सांगते. पहिल्या पूर्ण वर्षात ९२ दशलक्ष डॉलर येतील असा अंदाज होता, आले ७९ च्या आसपास. बालवाडीच्या साडेसहा हजार जागा ठरल्या होत्या, पुढे आकडा साडेपाच हजारांवर आणावा लागला. लोक सोडा कमी प्यायले की पैसा कमी येणारच, म्हणून शिक्षकांचे पगार एकट्या या करावर टांगून ठेवू नयेत. दुसरं म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराचं खरंच नुकसान झालं. त्याचं गिऱ्हाईक भाऊजींकडे गेलं. हा कर शहरापुरता न ठेवता राज्यभर लावला असता तर ते गेलं नसतं, आणि त्याला सगळ्यात आधी विरोध भाऊजींनीच केला असता.