बदली होण्याची शक्यता असताना ऑफर घ्यावी का?

प्रश्न: नाशिकच्या सातपूरमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता विभागात इंजिनिअर आहे. 1 ऑगस्टला पाच वर्षं होतील. अंबडच्या दुसऱ्या कंपनीकडून ऑफर आली आहे. हातात महिना 9,000 रुपये जास्त, 50,000 जॉइनिंग बोनस, सहा महिने प्रोबेशन. मिस्टर सरकारी बँकेत अधिकारी आहेत. प्रमोशनची मुलाखत झाली आहे, मे-जूनमध्ये बदली होऊ शकते. मुलगी दुसरीत आहे. नवी नोकरी धरू की थांबू? सध्याचा नोटिस पीरियड 60 दिवसांचा, बेसिक 24,000.

उत्तर: ताई, बदली होईल की नाही हे आज मार्चच्या मध्यावर ना तुम्हाला सांगता येईल, ना मिस्टरांना. म्हणून आधी पैशांचा आणि तारखांचा हिशेब मांडू.

सगळ्यात मोठी रक्कम ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे कंपनीकडून मिळणाऱ्या पैशांची आहे आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही. 24,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5, म्हणजे सुमारे 69,200 रुपये. कायद्यात पाच वर्षांची सलग सेवा लिहिली आहे. चार वर्षं आणि पाचव्या वर्षाचे 240 दिवस भरले की पुष्कळ कंपन्या देतात, काही अडून बसतात. नुसते कॅलेंडरचे दिवस मोजले तर तुमचे 240 मार्चअखेर भरतात. पण प्रत्यक्ष कामाचेच दिवस धरले, रविवार आणि सणाच्या सुट्ट्या वगळल्या, तर तेच मेच्या मध्यावर जातं. बिनपगारी रजा झाली असेल तर आणखी पुढे. आज राजीनामा दिला तर तुम्ही सुटता बरोबर मेच्या मध्यावर, म्हणजे अगदी काठावर. ही रक्कम बुडाली तर 9,000 च्या वाढीतून ती भरून निघायला जवळपास आठ महिने लागतील. मधेच बदली आली तर तोटाच.

त्यामुळे नव्या कंपनीकडे रुजू होण्यासाठी 1 जून मागा. अडीच महिने थांबायला कंपन्या सहसा तयार असतात, नोटिस साठ दिवसांची आहे हे त्यांनाही माहीत असतं. त्या हिशेबाने राजीनामा मार्चअखेरीस द्या. शेवटचा दिवस 31 मे असा त्यातच लिहा आणि शिल्लक रजा नोटिसमध्ये वळती करू नका. 'लवकर सोडतो' असं एचआरने म्हटलं तर खूश होऊ नका. शेवटचा दिवस अलीकडे आला की ग्रॅच्युइटीचा मुद्दा पुन्हा उघडतो. कंपनी दिवस कसे मोजते हे एचआरला आत्ताच विचारलंत तर लगेच कुजबुज सुरू होईल. गेल्या दोन-तीन वर्षांत सोडून गेलेल्या सहकाऱ्यांना हिशेब कसा मिळाला, ते विचारा.

1 जूनचा दुसरा फायदा असा की सरकारी बँकांच्या सर्वसाधारण बदल्या बहुधा शाळा सुरू होण्याच्या सुमारास होतात. तोपर्यंत चित्र बरंच स्पष्ट झालेलं असेल.

आता नवं ऑफर लेटर. जॉइनिंग बोनसची अट नीट वाचा. बारा महिन्यांच्या आत सोडल्यास परत, अशी अट सर्रास असते, आणि गोची म्हणजे तुमच्या हातात कर कापून रक्कम येते, वसुली मात्र पूर्ण 50,000 ची होते. 'जितके महिने काम झालं, त्या प्रमाणात वसुली' असा बदल मागा, किंवा बोनस प्रोबेशननंतर घ्या. प्रोबेशनमधली नोटिस किती, तेही पाहा. 15 किंवा 30 दिवस असेल तर बदलीनंतर सुटणं सोपं. तिथेही 90 असेल तर मुलीचं ॲडमिशन एका गावात आणि आई दुसऱ्या गावात, अशी तिमाही जाईल.

नवीन काम काय आहे, हे पत्रात नाही. इन्कमिंग आणि फायनल इन्स्पेक्शनच, म्हणजे आलेला आणि तयार माल तपासणंच असेल तर फक्त 9,000 साठी ही उलथापालथ करू नका. सप्लायर क्वालिटी (पुरवठादारांची गुणवत्ता सांभाळणं), पीपॅपची म्हणजे सुट्या भागांना ग्राहकाची मंजुरी घेण्याची कागदपत्रं, आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं इंटर्नल ऑडिटर ट्रेनिंग मिळत असेल तर जरूर घ्या. ते काम चाकणला, वाळूजला, साणंदला, पिथमपूरला, होसूरला, कुठेही चालतं. बायोडेटात सहा महिन्यांची एक नोकरी 'पतीची बदली' एवढ्या दोन शब्दांत पटते. तशा दोन लागोपाठ असल्या की मुलाखत घेणारा पेन खाली ठेवतो.

मिस्टरांच्या संभाव्य बदलीबद्दल आपणहून बोलायची गरज नाही. थेट विचारलं तर खोटं मात्र बोलू नका. 'तुमचे दुसरे प्लांट कुठे आहेत, अंतर्गत बदली मिळते का,' हा प्रश्न तुम्ही निःसंकोच विचारा.

आणि मेमध्येच ऑर्डर हातात पडली तर? आधी गाव पाहा. शाखा नाशिकपासून दीड-दोन तासांवर असेल तर काहीच बदलत नाही. लांबची असेल तर त्याच दिवशी दोन मेल करा: नव्या कंपनीला स्पष्ट नकार, आणि जुन्या कंपनीला राजीनामा मागे घेण्याची विनंती. ती मान्य करणं त्यांच्या मर्जीवर असतं, म्हणून नोटिसच्या काळात कामात ढिलाई नको.

जूनमध्ये रुजू झालात तर एप्रिल-मेच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या, नाहीतर वर्षाअखेरीस कर अंगावर येतो. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या खातेक्रमांकावर) ट्रान्सफर करा. पाच वर्षं सलग भरण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो.