नकाशे आले नाहीत, वर खात्यातले ४१,३०० रुपये गेले

प्रश्न : आम्ही नागपूरचे चौघे मे महिन्यात उत्तराखंडातल्या हर-की-दूनच्या ट्रेकला निघालो आहोत. एका परदेशी संकेतस्थळावरून १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मागवले आणि डेबिट कार्डाने ६,४०० रुपये भरले. नकाशे आले नाहीत, ईमेलला उत्तर नाही. पुढे एका शनिवारी रात्री त्याच कार्डावरून दोनदा मिळून ४१,३०० रुपये कापले गेले. ओटीपी आलाच नाही, नुसता मेसेज आला. मंगळवारी शाखेत अर्ज दिला, तर 'कार्डाची माहिती तुम्हीच दिली' म्हणून त्यांनी हात वर केले. आता काय करावे?

उत्तर : तुम्ही पाठवलेली अर्जाची प्रत वाचली. त्यात ४७,७०० रुपये अशी एकच रक्कम लिहिली आहे, आणि घोळ तिथेच झाला आहे. ६,४०० तुम्ही स्वतः भरलेत, ४१,३०० तुमच्या संमतीशिवाय गेले. कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. दोन वेगळे अर्ज करा.

मोठी रक्कम आधी. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर शून्य जबाबदारी येते. मेसेज आला तो दिवस मोजायचा नसतो, रविवार सुटीचा. म्हणजे मंगळवार हा तुमचा दुसराच दिवस. तुम्ही मुदतीत आहात, हे अर्जात ठळक लिहा. खबर मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. ग्राहक निष्काळजी होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. बँक म्हणेल, कार्ड क्रमांक तुम्ही दिला. माझ्या मते, खरेदीच्या वेळी विक्रेत्याच्या पानावर क्रमांक भरणे हा कार्डाचा रोजचा वापर आहे, निष्काळजीपणा नव्हे. ओटीपी किंवा पिन तुम्ही कुणालाही सांगितलेला नाही.

शाखेने 'माहिती माझ्याकडून दिली गेली' असे वाक्य छापलेला फॉर्म पुढे केला, तर कृपा करून त्यावर सही करू नका. घाईत केलेली अशी सही पुढे फार महागात पडते. स्वतःच्या शब्दांत लिहा आणि तारखेसह पोच घ्या.

१९३० वर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. उशीर झाला असला तरी नोंदवाच, तिचा क्रमांक बँकेच्या अर्जात हवा. त्यानंतर शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. 'साइट परदेशी आहे' या कारणाने परत पाठवले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७५ दाखवा. गुन्ह्यात भारतातला संगणक गुंतला असेल, तर परदेशातून केलेल्या गुन्ह्यालाही हा कायदा लागू होतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. तिला फी नाही.

६,४०० रुपयांसाठी बँकेकडे 'माल मिळाला नाही' या कारणाने चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून कार्डाचे पैसे परत, मागा. त्याची मुदत ठरलेली असते, म्हणून याच आठवड्यात. ग्राहक आयोगात नागपुरातच दावा दाखल करता येतो, पण ज्या विक्रेत्याचा पत्ताच ठाऊक नाही त्याच्यावर नोटीस बजावणार कशी? त्यात वेळ घालवू नका.

ते कार्ड अजून चालू असेल तर आजच बंद करा. नव्या कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय बंदच ठेवा. नकाशांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्वतःचे पोर्टल आहे, मे महिन्याआधी तिथे पाहा.