धंदा प्रभूसाठी की पोटासाठी?

‘मॅडम, मी हे प्रभूसाठी करते की नुसती पोटासाठी?’ हा प्रश्न सल्ल्यासाठी येणाऱ्यांकडून माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे, की समोरच्या माणसाने पहिले वाक्य अर्धवट सोडले तरी पुढचे मला कळते. विचारणारा कधी बेकरीवाला असतो, कधी फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवणारा तरुण. मिशनच्या शाळा आणि दवाखाने यांच्यामुळे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात शिक्षक, परिचारिका आणि पाळक या वाटा पिढ्यान्‌पिढ्या मळलेल्या आहेत. धंद्याची वाट त्या मानाने नवी असल्यामुळे तिच्यावर पाऊल टाकणाऱ्याला पहिला संशय घरातूनच ऐकावा लागतो. मग पाटीवर ‘इम्मानुएल’ लिहिले जाते, बिलबुकावर वचन छापले जाते, नेमाने दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवकार्याला दिला जातो, आणि तरीही रात्री झोप येत नाही.

सुमनताईंची गोष्ट याच प्रश्नाची आहे. (नाव आणि काही तपशील अर्थातच बदलले आहेत.) अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचे शालेय गणवेश शिवण्याचे युनिट आहे, नऊ बायका आणि एक कटिंग मास्टर. त्या आल्या तेव्हा युनिट बंद करून चर्चच्या पूर्णवेळ सेवेत जाण्याचे त्यांच्या मनाने जवळजवळ घेतले होते. ‘रविवारी उपासनेत बसते तेव्हा मी खरी असते आणि सोमवारी मशीनवर बसले की दुसरीच कुणीतरी,’ असे त्या म्हणाल्या. पहिल्या काही भेटी याच दुभंगाभोवती फिरल्या. मी त्यांना पवित्र शास्त्रातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय वाचायला सांगितला, जिथे करिंथात प्रेषित पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्यासोबत राहुट्या करण्याचे काम करतो. केडगावच्या मुक्ती मिशनचीही आठवण करून दिली, जिथे पंडिता रमाबाईंनी छापखाना आणि विणकाम ही कामे बायकांच्या हाती दिली होती. त्यांनी मान डोलावली, पण मनावरचे ओझे काही हलले नाही. दुसऱ्यांची उदाहरणे पटतात आणि तरी उपयोगी पडत नाहीत, हे एव्हाना मला ठाऊक असायला हवे होते.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांवर माझी भिस्त आहे. अर्थ घडवून माणसाच्या हाती द्यायचा नसतो, तो त्याच्या जगण्यात आधीच कुठेतरी पडलेला असतो आणि शोधून काढावा लागतो, असे ते मानत. म्हणून चौथ्या भेटीत मी प्रश्न उलटा केला.

‘सुमनताई, तुम्ही कोणती ऑर्डर नाकारलीत?’

त्या ओशाळल्या. ‘ती माझी चूकच झाली, मॅडम. चार हजार स्कर्टचे काम होते. कंत्राटदार म्हणाला, खालची दुमड अडीच इंचाची पाऊण इंच करा, कापड वाचेल. मी नाही म्हणाले. बायकांना दोन महिने काम कमी पडले.’

‘का नाही म्हणालात?’

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग त्यांनी नकळत स्वतःच्या साडीची कड दोन बोटांत धरली. ‘दर जूनमध्ये माझी आई दुमड उसवून स्कर्ट लांब करायची. एक स्कर्ट तीन वर्षे जायचा. दुमडच नसेल तर गरिबाच्या पोरीने दरवर्षी नवा घ्यायचा का?’

मी पवित्र शास्त्र उघडून लेवीय एकोणिसाव्या अध्यायातली आज्ञा त्यांच्यापुढे ठेवली: कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका, कडेचे पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. परदेशातून आलेली गरीब विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे उरलेली कणसे, वेचू शकली ती याच आज्ञेमुळे. सुमनताईंनी दोनदा वाचले आणि त्या रडू लागल्या. त्यांनी कड राखली होती आणि वर्षभर तिला आपली चूक समजून त्या स्वतःला बोल लावत होत्या. इतक्या वर्षांच्या कामात मला नीट सुचलेले प्रश्न मोजकेच आहेत, आणि त्यांत मी याचा समावेश करते.

त्यानंतर मी हाच प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती व्यावसायिकाला विचारते. दशांश नफ्यातून दिला जातो, पण हेतू त्याच्या कितीतरी आधी, कापडावर कात्री चालते तिथे ठरतो. काय विकणार नाही, कुणाची मजुरी आधी देणार, माप कुठे पूर्ण ठेवणार, या जागा तपासल्या की तो हाती लागतो. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हेतू सापडला म्हणजे हिशेब सुटला असे मानणारेही माझ्याकडे येतात, ‘प्रभू पाहून घेईल’ म्हणत बायकांचे पगार थकवतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज करणाऱ्याचे उदाहरण दिले आहे, ते अशांनी वाचावे. सुमनताईंनाही मी हेच सांगितले: दुमड राखायची असेल तर तिचे कापड दरात धरा, पदरचे घालून राखलेली दुमड दोन हंगामही टिकणार नाही.

युनिट बंद झाले नाही. त्यांच्या दरपत्रकात आता एक वेगळी ओळ असते, ‘खालची दुमड अडीच इंच’, आणि पुढे तिचा खर्च. यंदा एका मुख्याध्यापकांनी दर जास्त का, असे विचारले, तेव्हा सुमनताईंनी नमुन्याचा स्कर्ट टेबलावर उलटा करून दाखवला. काम निम्म्याच वर्गांचे मिळाले. फोनवर हे सांगताना मागे मशीन चालू होती, आणि दर दोन वाक्यांनी त्या कुणाला तरी कात्री मागत होत्या.