नवीन फोन ॲक्टिव्हेट होत नाहीये? आधी हे बघ

अरे लगेच रिसेट मारू नकोस, थांब जरा. बहुतेक वेळा फोन चांगलाच असतो, त्याला फक्त कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नसतं. ऑफिस, हॉटेलचं वायफाय, ज्यात आधी लॉगिनचं पान उघडतं ना, ते सेटअपला टाळ, दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लाव. सिम काढून परत नीट बसव. तरीही अडकला तर आयफोन केबलने कॉम्प्युटरला लावून मॅकवर फाइंडर किंवा विंडोजवर आयट्यून्समधून ॲक्टिव्हेट करून बघ, आणि ॲपलच्या सिस्टम स्टेटस पानावर सर्व्हर चालू आहेत का तेही बघ, कारण तिकडेच बंद असेल तर तू इकडे कितीही डोकं आपट.

आता सेकंडहँड आयफोन असेल आणि तो जुन्या मालकाचं ॲपल अकाउंट (आधीचं नाव ॲपल आयडी) मागत असेल तर विषयच वेगळा, तो ॲक्टिव्हेशन लॉक, रिसेटने जात नाही. अँड्रॉइडमध्येही ५.१ व्हर्जनपासून असंच आहे, जुनं गुगल अकाउंट मागतो. आयफोन असेल तर जुन्या मालकाला सांग, आयक्लाउडच्या वेबसाइटवरून फोन काढून टाक म्हणून, त्याला फोन हातात लागत पण नाही. 'अनलॉक करून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नकोस. आणि 'सिम नॉट सपोर्टेड' आलं तर फोन बहुतेक दुसऱ्या सिम कंपनीला लॉक आहे, ते त्या कंपनीकडूनच सुटतं.