सासोरीपासून सुरुवात करा, पण क्रमाने

जपानी सूडपटांतल्या बायका पाहायच्या असतील तर थेट 'लेडी स्नोब्लड'वर (1973) उडी मारू नका. तो देखणा आहे, पण सासोरी ('विंचू') मालिका काढणाऱ्या तोएई स्टुडिओचा कच्चा, रांगडा बाज त्यात दिसत नाही. आधी मालिकेतला पहिला, 1972 चा 'फीमेल प्रिझनर 701: स्कॉर्पियन', मग त्याच वर्षीचा 'जेलहाउस 41', मग 1973 चा 'बीस्ट स्टेबल'. तिन्ही दिग्दर्शक शुन्या इतोचे, प्रत्येकी दीड तासाच्या आसपास. चौथा हासेबे या दुसऱ्या दिग्दर्शकाचा, तो राहिला तरी चालेल.

नायिका मेको काजी बोलत जवळजवळ नाहीच, दुसऱ्या भागात तर जेमतेम दोन-चार वाक्यं. त्यामुळे सबटायटल वाचण्यापेक्षा तिचे डोळे बघा. पहिल्या भागात प्रियकर तिला फसवतो, तो प्रसंग नीट पाहा: काचेच्या जमिनीखालून कॅमेरा, फिरणारा सेट आणि पांढऱ्या कापडावर उमटलेला लाल डाग, म्हणजे थेट जपानचा झेंडा. स्वस्तातल्या तुरुंगपटात हे कुणी अपेक्षिलं होतं?

प्रिंट रुंद पडद्याचीच घ्या. चौकोनी केलेल्या प्रतीत कडेची माणसं कापली जातात, आणि इतो नेमकं कडेलाच काहीतरी घडवतो. इंग्रजी डबिंग असेल तर सोडून द्या.

बलात्काराची दृश्यं आहेत, आणि कॅमेरा तिथे नेहमी बाईच्या बाजूने उभा नसतो. प्रेक्षक खेचायला नग्नता हवी, हा स्टुडिओचा हिशेब होता. सूडाचं समाधान आणि हा हिशेब एकाच चित्रपटात नांदतात. 'स्त्रीवादी' म्हणून शिक्का मारण्याची घाई नको.