दहावीचा वर्ग प्रथमच घेणाऱ्या शिक्षिकेस

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंदा दहावीच्या दोन्ही तुकड्यांचे मराठी तुझ्याकडे आल्याचे वाचून आनंद झाला. त्याच पत्रात तू 'परीक्षेपर्यंत किती प्रश्नसंच सोडवून घ्यावेत?' असे विचारले आहेस. त्याचा आकडा मी सांगणार नाही, कारण प्रश्नसंच सोडवून घेणे आणि मुलांना वाचायला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मी स्वतः बरीच वर्षे पहिले काम करून दुसरे केल्याचे समाधान मानत आले, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहिते.

प्रथम कुमारभारतीच्या, म्हणजे दहावीच्या प्रथम भाषा मराठीच्या, कृतिपत्रिकेचा (प्रश्नपत्रिकेचा) आराखडा समोर ठेव. लेखी परीक्षा 80 गुणांची असते. त्यांपैकी गद्याला 18, पद्याला 16, स्थूलवाचनाला 6, भाषाभ्यासाला 16 आणि पत्र, सारांश, जाहिरात अशा उपयोजित लेखनाला 24 गुण असतात. आता यातून पाठ्यपुस्तकातील धडे व कविता घोकून न मिळणारे गुण वेगळे काढून बघ. अपठित, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या, उताऱ्याचे 4, भाषाभ्यासाचे 16 आणि उपयोजित लेखनाचे 24 मिळून 44 होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक. असे असूनही आपल्याकडे जूनपासून जानेवारीपर्यंतचा जवळजवळ सगळा वेळ धडा वाचून त्याखालची उत्तरे उतरवून देण्यात जातो, आणि उपयोजित लेखन पूर्वपरीक्षेच्या तोंडावर 'नमुने' वाटून आटोपले जाते. तू निदान पहिल्या सत्रापासून आठवड्यातील एक तास उताऱ्यासाठी आणि एक तास लेखनासाठी राखून ठेव. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती तुला वाटेल, मात्र प्रत्यक्षात तो पडत नाही.

2019 साल तुला विद्यार्थिनी म्हणून आठवत असेल. नवे पाठ्यपुस्तक, नवी कृतिपत्रिका आणि शाळेने द्यायचे अंतर्गत गुण काढून घेतल्यामुळे भाषेची पूर्ण 100 गुणांची लेखी परीक्षा, असे सगळे एकाच वर्षी आले. आदल्या वर्षी 89.41 टक्के असलेला दहावीचा निकाल त्या वर्षी 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षापासून 20 अंतर्गत गुण परत आले आणि निकालही वर चढला. त्या गुणांनी मुले पास होतात हे खरे, परंतु वाचता न येण्याची उणीव त्यांनी फक्त झाकली जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. उताऱ्यावरील पहिल्या दोन कृती, म्हणजे चौकटी, आकृतिबंध, ओघतक्ता, मुलांना लवकर जमतात, कारण उत्तर उताऱ्यातून उचलायचे असते. खरी अडचण स्वमताच्या, म्हणजे आपले मत मांडण्याच्या, 3 गुणांपाशी येते. समजा, उताऱ्यात दुपारच्या जेवणाला बसण्यापूर्वी अंगणातील परळात चिमण्यांसाठी पाणी भरणारे आजोबा आहेत आणि प्रश्न त्यांच्या स्वभावाविषयी आहे. दहांपैकी आठ मुले लिहितात, 'आजोबा प्रेमळ, कष्टाळू व दयाळू होते. आपणही त्यांच्यासारखे व्हावे.' या उत्तरात आजोबांच्या जागी आजी, गुरुजी किंवा पोस्टमन घातला तरी काही बिघडत नाही. अशा वेळी वर्गात एकच शब्द विचारायचा, 'कशावरून?' प्रेमळ कशावरून? मग मूल उताऱ्याकडे परत जाते, परळ सापडते, जेवणापूर्वीची वेळ सापडते, आणि स्वतः भुकेले असताना आधी मुक्या जिवांची तहान आठवणारा माणूस असे काहीतरी ते आपल्या शब्दांत लिहू लागते. कष्टाळूला मात्र आधार सापडत नाही, तेव्हा तो शब्द त्याने स्वतःच खोडावा. हे खोडणे मला लिहिण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

रसग्रहणाबाबत माझी चूक कबूल करते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक सौंदर्य अशा तीन परिच्छेदांत प्रत्येक कवितेचे रसग्रहण मी फळ्यावर लिहून देत असे आणि मुले ते तोंडपाठ करीत. पुढे परीक्षक म्हणून उत्तरपत्रिका तपासायला बसले, तेव्हा एका गठ्ठ्यात ओळीने सगळ्या मुलांनी एकाच वाक्याने सुरुवात केलेली दिसली. माझ्यासारखीच कोणीतरी बाई त्या वर्गावर असणार, हे मला तत्क्षणी कळले. त्या गठ्ठ्यातील एका मुलाने मध्येच 'ही ओळ वाचून मला माझ्या मामाचे शेत आठवले' असे वाक्य घातले होते, आणि अख्ख्या गठ्ठ्यात कविता वाचल्याचा तेवढाच पुरावा होता. तेव्हा तीन शीर्षके शिकव, कारण त्यांनी विचाराला शिस्त लागते. शीर्षकांखालची वाक्ये मात्र देऊ नकोस. आधी प्रत्येकाने आपल्याला आवडलेली एक ओळ निवडून ती का आवडली हे बोलून दाखवावे, आणि मगच लेखणी उचलावी.

कृतिपत्रिकेच्या पहिल्या पानावरील सूचना वर्गात मोठ्याने वाचून घेत जा. आकृत्या पेनानेच काढाव्यात आणि उपयोजित लेखनातील निवेदन, म्हणजे प्रश्नात दिलेला मजकूर, उत्तरपत्रिकेत उतरवून घेऊ नये, असे तिथे स्पष्ट छापलेले असते. तरीही मुले पेन्सिल व पट्टी घेऊन दुहेरी चौकटी आखत बसतात आणि जाहिरातीसाठी दिलेला मजकूर अक्षरशः नकलून काढतात. वाचनाची परीक्षा त्या सूचनांपासूनच सुरू झालेली असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

त्याच सूचनांत एक सोयीची गोष्ट दडलेली आहे. पत्रलेखनाला पर्याय म्हणून येणारे सारांशलेखन पहिल्या प्रश्नातील अपठित उताऱ्यावरच करायचे असते. म्हणजे एकच उतारा नीट वाचला, तर तिथले 4 आणि इथले 6 असे 10 गुण त्यात आहेत. सारांश साधारण एक तृतीयांश असावा लागतो; 150 शब्दांचा उतारा असेल तर 50 शब्द. मुले मात्र प्रत्येक तिसरे वाक्य उचलून एकापुढे एक मांडतात. त्यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला. उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचे, शेजाऱ्याला तोंडी सांगायचा आणि जे सांगितले तेच लिहायचे. सांगताना उदाहरणे आणि विशेषणे आपोआप गळून पडतात. ज्यांना सारांश निवडायचा आहे, त्यांनी अपठिताच्या कृती सोडवल्यावर उतारा डोक्यात ताजा असतानाच तो लिहून टाकावा, प्रश्नक्रमांक तेवढा ठळक घालावा.

पत्राविषयी फार लिहीत नाही. मागणी, विनंती आणि अभिनंदन यांतील भाषेचा फरक मुलांना कळला की मांडणी आठवडाभरात येते. पत्राखाली स्वतःचे खरे नाव लिहायचे नाही, निवेदनात दिलेलेच नाव वापरायचे, एवढे पुनःपुन्हा बजाव. जाहिरातीत चित्र काढण्यात कोणी वेळ घालवू नये.

लेखननियमांवर मात्र रेंगाळायला हवे. 'अचूक शब्द ओळखा' या कृतीसाठी मुले शब्दांच्या याद्या पाठ करतात आणि परीक्षेत यादीबाहेरचा शब्द आला की अडतात. त्याऐवजी परि अधिक ईक्षा म्हणून परीक्षा, प्रति अधिक ईक्षा म्हणून प्रतीक्षा, निर् अधिक ईक्षण म्हणून निरीक्षण, असे कुटुंबच ओळखीचे करून दे. मग समीक्षा त्यांची तीच लिहितील. फूल पण फुलाला, तीळ पण तिळाचा, हेही एकदा कानाला पटले की विसरत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम आणि 1972 ची भर मिळून एकूण 18 नियम आहेत. ते तू स्वतः मुळातून वाच, मुलांना पाठ करायला लावू नकोस.

तुझी शाळा तापीकाठची, म्हणून आणखी एक सांगते. तुझ्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी अहिराणी बोलली जात असेल. ती 'पानी' लिहितील, 'डोळा'चा 'डोया' करतील. त्याला अशुद्ध म्हणून वर्गात हसू देऊ नकोस. घरी असे म्हणतात आणि उत्तरपत्रिकेत असे लिहितात, अशा दोन स्तंभांची वही त्यांच्याकडून करून घे. माझ्या एका वर्गात ती वही मुलांनी इतक्या हौसेने भरली, की पहिल्या स्तंभातील शब्दांसाठी त्यांच्या आज्यांना बोलवावे लागले. आपण घरी चुकीचे बोलतो असे एकदा मनात बसलेले मूल स्वमताच्या जागेवर एक ओळ लिहून थांबते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

राहता राहिला वेळ. तीन तास, आणि अलीकडे शेवटी मिळणारी 10 मिनिटे. उपयोजित लेखनाच्या चोविसांपैकी 8 गुणांचे लेखन सगळ्यात शेवटी असते आणि तिथे पोचेपर्यंत मुलांचे हात दुखू लागलेले असतात. तो प्रश्न पहिल्या दीड तासात सोडवण्याची मुभा दे. काहींना ते मानवते, काहींना नाही, हे सराव परीक्षेतच बघून घे.

पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की त्यांतल्या पाच, सर्वांत चांगल्या नव्हे तर ज्यांना काय शेरा द्यावा हे तुला कळले नाही अशा, नावे झाकून मला पाठव. डोळ्यांचे ऑपरेशन होऊन महिना झाला आहे, आता वाचता येते.

तुझी,
बाई